वाचक विचारतात: टायगर मॉथची पाटी, वह्या आणि लाकूड

मागच्या अंकातल्या टायगर मॉथवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डी हॅविलँड कंपनीचं हे वर-खाली दोन पंखांचं, पुढे-मागे दोन उघड्या बैठकांचं शिकाऊ विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी पहिल्यांदा उडालं. पुढे आठ हजारांहून जास्त बनली आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असं सगळीकडे पायलटांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर शिकल्या. आज जी उडतात ती बहुतेक खासगी मालकीची आहेत. किमती विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. बाकीच्यांतली काही इथे घेतली.

इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ राहतो. इथे सहा जणांच्या भागीदारीत एक टायगर मॉथ आहे, १९४० सालचं म्हणतात. एक भागीदार वयोमानामुळे बाहेर पडतोय आणि त्याचा सहावा हिस्सा मला देऊ करतोय. पण नोंदणीचा दाखला तिसऱ्याच भागीदाराच्या नावावर आहे. "त्यात काही नाही" असं सगळे म्हणतात. खरंच काही नाही का? आणि विमान १९४०चंच आहे हे कसं पडताळायचं? (एक वाचक, बेडफर्ड)

दाखला एकाच्या नावावर असणं तिथे नेहमीचं आहे. तो इतरांच्या वतीने विश्वस्त म्हणून नाव लावतो. घोटाळा होतो तो दाखल्यालाच मालकीचा पुरावा समजल्यामुळे. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे जमीन आपली झाली असं होत नाही, खरेदीखत बघावं लागतं, तसंच हे. ब्रिटनचं नागरी विमान प्राधिकरण तर नोंदणी म्हणजे कायदेशीर मालकीचा पुरावा नव्हे हे स्पष्टच सांगतं.

म्हणून पहिली मागणी खरेदीपत्रांची करा. सध्याच्या गटाने विमान कुणाकडून घेतलं, त्याने कुणाकडून, अशी साखळी निदान दोन-तीन कड्या मागे जायला हवी. मधली कडी तुटलेली असेल, म्हणजे "आमच्या आधीच्या गटातल्या एकाकडे कागद होते" असं उत्तर आलं, तर हिस्सा देणाऱ्याकडून लेखी हमी घ्या. त्यानंतर बोजा. ब्रिटनमध्ये विमानांवरच्या गहाणांची वेगळी नोंदवही असते आणि ती शुल्क भरून तपासता येते. जुन्या विमानांवर कर्ज क्वचितच असतं म्हणून ही तपासणी टाळली जाते, पण इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण उघडून करायच्या दुरुस्तीसाठी, उचललेलं कर्ज तसंच राहिल्याची शक्यता असते. इंजिन नेमकं कुणाचं, हेही विचारा. विमानाची लॉगबुक, म्हणजे तासांची आणि दुरुस्त्यांची नोंदवही, वेगळी आणि इंजिनाची वेगळी. ओव्हरहॉल चालू असताना बसवलेलं उसनं इंजिन तसंच राहून गेलेलं असू शकतं. इंजिनावरच्या पाटीचा क्रमांक इंजिनाच्या लॉगबुकाशी जुळतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

भागीदारीचा करार एक-दोन पानांचा असेल तर मोठा करायला लावा. त्यात निदान इतकं हवं: मोठा खर्च किती जणांच्या संमतीने करायचा, एखाद्याने वर्गणी थकवली तर त्याच्या हिश्शाचं काय, बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा घेण्याचा पहिला हक्क इतरांना किती दिवस, विमान मोडलं आणि विम्याचे पैसे आले तर दुरुस्ती करायची की वाटून घ्यायचे. विमा पॉलिसीत तुमचं नाव पायलट म्हणून तर हवंच, पण हितसंबंधी मालक म्हणूनही हवं. तिथल्या नियमांनुसार वीसपर्यंत सहमालक आणि प्रत्येकाचा निदान ५ टक्के हिस्सा अशी मर्यादा आहे, तेव्हा सहाव्या हिश्शाला त्या बाजूने अडचण नाही.

आता वर्ष. याचं उत्तर जरा लांब आहे.

टायगर मॉथला दोन प्रकारचे क्रमांक असतात. एक कारखान्याचा उत्पादन क्रमांक, जो छोट्या पाटीवर ठोकलेला असतो. दुसरा लष्करी क्रमांक, एक अक्षर आणि चार आकडे किंवा दोन अक्षरं आणि तीन आकडे असा. युद्धकाळात डी हॅविलँडच्या हॅटफिल्ड कारखान्याला मॉस्किटो विमानांसाठी जागा हवी होती म्हणून टायगर मॉथचं काम काउलीच्या मॉरिस मोटर्सकडे गेलं. मोटारगाड्या बनवणाऱ्या या कारखान्याने तीन हजारांहून जास्त टायगर मॉथ बनवली. त्यांच्या सांगाड्यांवर मॉरिसचा स्वतःचा वेगळा क्रमांकही सापडतो, आणि तो पाहून नवखा माणूस गोंधळतो.

हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत विमानं उघडली जायची तेव्हा पंख, शेपट्या, सांगाडे यांची सरमिसळ सर्रास व्हायची. डाव्या बाजूचा खालचा पंख तुटला की शेजारच्या मोडक्या विमानाचा लावायचा. नवशिके रोज काही ना काही मोडत होते आणि विमान संध्याकाळपर्यंत उडवायला हवं होतं. १९५०पासून शिकवायला नवी चिपमंक विमानं आली, टायगर मॉथ भंगाराच्या भावात विकली गेली आणि खासगी कारखान्यांनी चार-पाच मोडक्यांतून एकेक चांगलं उभं केलं. काहींचे सांगाडे रुंद करून चार जणांचं बंद केबिनचं जॅकरू बनवलं, त्यातली काही पुढे पुन्हा टायगर मॉथ झाली. त्यामुळे "१९४०चं" याचा व्यवहारातला अर्थ इतकाच: जिला अखंड कागदोपत्री वारसा आहे अशी १९४०ची ओळख आज या विमानाला जोडलेली आहे. पाटी स्क्रूने लावलेली असते, ती निघते आणि लागते. तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

पडताळणी अशी करा. पाटीचा क्रमांक टिपा. ब्रिटिश नोंदणीच्या जुन्या पानांच्या प्रती प्राधिकरणाच्या ऑनलाइन नोंदवहीत बघायला मिळतात. त्यात पहिल्या नागरी नोंदणीच्या वेळचा उत्पादन क्रमांक आणि लष्करी क्रमांक असतो. तो लष्करी क्रमांक घेऊन हवाई दल संग्रहालयाकडे असलेल्या फॉर्म ७८ या हालचाल-कार्डांकडे जा. कोणत्या युनिटकडे कधी गेलं, कधी अपघात, कधी दुरुस्ती, कधी विक्री, हे त्यावर एका ओळीत एक असं असतं. मग विमानाच्या लॉगबुकांतले एकूण तास जुळतात का बघा. जुनी वही हरवून नवी उघडताना "मागील वहीवरून पुढे आणलेले तास" म्हणून एक आकडा लिहितात. तो गोल असला, म्हणजे नेमका २,००० किंवा ३,०००, तर तो अंदाज आहे असं धरून चाला. विमान न्यूझीलंडहून आलेलं असेल तर आणखी एक प्रश्न: तिथे युद्धानंतर अनेक टायगर मॉथनी पुढच्या बैठकीच्या जागी टाकी बसवून डोंगराळ कुरणांवर सुपरफॉस्फेट टाकलं. ते खत सांगाड्याच्या पोलादी नळ्यांच्या सांध्यांत शिरलं की आतून पोखरतं. वरून रंग शाबूत दिसतो.

आजोबांनी १९४३ साली बेगमपेठला विमान शिकायला सुरुवात केली. त्यांचा एका बायप्लेनसमोरचा फोटो घरात आहे. मागे क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे दिसतात. हे विमान नेमकं कोणतं ते शोधता येईल का? (एक वाचक, पुणे)

फोटोवरून थेट नाही, पण आजोबांची फ्लाइंग लॉगबुक असेल तर बहुतेक हो. तिच्यात दर उड्डाणाच्या ओळीला विमानाचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेला असतो, बऱ्याचदा अक्षरांशिवाय नुसता आकडा. फोटोतल्या शेवटच्या दोन आकड्यांशी जुळणाऱ्या ओळी काढा; दोन-तीनच उरतील. सुरुवातीच्या प्रशिक्षणाची शाळा क्रमांक १ बेगमपेठला होती आणि क्रमांक २ जोधपूरला, दोन्हीकडे टायगर मॉथच. तेव्हा शाळेचं नाव वहीवर नसेल तरी महिनाअखेरच्या शिक्क्यावरून ते कळतं.

फोटो मोबाइलने काढू नका. निदान १,२०० डीपीआयवर स्कॅन करून बघा. धडाच्या मागच्या भागावरचा क्रमांक साधारण ८ इंच उंचीचा असतो आणि खालच्या पंखाच्या पोटाखाली मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिलेला असतो. माणूस जवळ उभा असेल तर तो पंखाखालचा क्रमांकच अर्धवट मिळण्याची शक्यता जास्त. धडावर किंवा नाकावर एकच मोठा आकडा असेल तर तो शाळेने दिलेला ओळख-आकडा, खरा क्रमांक नव्हे. हीच चूक सगळे करतात.

विमान टायगर मॉथच आहे ना, हेही बघून घ्या, कारण जिप्सी मॉथ दिसायला जवळचं आहे. टायगर मॉथचा वरचा पंख पुढे सरकवलेला आणि टोकांकडे मागे झुकलेला असतो. पुढच्या बैठकीतल्या माणसाला पॅराशूटसकट बाहेर पडता यावं म्हणून तो तसा केला. इंजिन उलटं, म्हणजे सिलिंडर खाली, त्यामुळे प्रॉपेलरचा मध्य नाकाच्या वरच्या बाजूला येतो. शेपटीच्या आडव्या पंखापुढे धडाला चिकटलेल्या लांबट पट्ट्या दिसल्या तर फोटो १९४२च्या आसपासचा किंवा नंतरचा: विमान गिरक्यांतून लवकर सावरावं म्हणून त्या युद्धाच्या मध्यावर बसवल्या. सगळीच विमानं ब्रिटनहून आलेली नव्हती. ऑस्ट्रेलियात बनलेली काही भारतात आली होती, तेव्हा ब्रिटिश कार्डांत सापडलं नाही तर शोध संपला असं समजू नका.

एअरक्राफ्ट मेंटेनन्सचा विद्यार्थी आहे. टायगर मॉथच्या "टाय रॉड"चं आयुष्य १८ वर्षं असं वाचलं. पोलादाच्या सळीला वर्षांची मर्यादा कशाला? तडे तपासून वापरत राहता येणार नाही का? (एक वाचक, नाशिक)

या सळ्या दोन, पुढची आणि मागची. बैठकीच्या फळीखाली सांगाड्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना, जिथे खालचे पंख अडकतात, त्या आडव्या जोडतात. हवेत असताना वरच्या पंखाचा भार फ्लाइंग वायरमधून, म्हणजे पंखांमधल्या तिरक्या पोलादी तारांतून, खाली येतो आणि त्या वायर सांगाड्याच्या खालच्या कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी बाहेर खेचतात. ते खेचणं या दोन सळ्या पेलतात. दोन्ही गेल्या की पंख धरून ठेवायला काही उरत नाही.

१६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ, साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाच्या बाजूला, एका टायगर मॉथचा डावा पंख हवेत निखळला. दोघे गेले. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दोन्ही सळ्या आट्यांच्या जागी तुटलेल्या सापडल्या आणि तिथे आधीपासून थकव्याचे तडे होते. मर्यादा २,००० तास किंवा १८ वर्षं, जे आधी येईल ते. त्या सळ्या त्याच्या बऱ्याच आधी गेल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आट्याचा तळ म्हणजे सळीची कंबर: आडवा छेद सर्वांत कमी, आणि धारदार खाचेमुळे ताण तिथेच एकवटतो. दर उड्डाणाला, दर लूपला, ओबडधोबड गवतावरच्या दर उतरण्याला तो कमी-जास्त होतो. तडा आट्याच्या तळाशी सुरू होतो, आणि ती जागा जोडाच्या आत, नटाखाली असते. जागेवर असताना तो दिसत नाही. पुरता दिसेपर्यंत सळीचं उरलेलं आयुष्य फार थोडं असतं. शिवाय ती फळीखाली असते, जिथे पाणी, चिखल, ग्रीस जमतं, आणि गंजाचा एक बारीक खड्डा तड्याला सुरुवात करून द्यायला पुरेसा होतो. म्हणून तासांबरोबर वर्षंही मोजायची. २०१३च्या अपघाताने त्यात भर टाकली: नुसती बसवल्याची तारीख पुरेशी नाही, सळी कुणी बनवली, कोणत्या मंजुरीखाली, तिचं रिलीज सर्टिफिकेट, म्हणजे ती वापरायला योग्य असल्याचा दाखला, कुठे आहे, हेही बघायला हवं. आकाराने हुबेहूब असलेली सळी आट्यांत कशी आहे ते डोळ्यांना कळत नाही. बेडफर्डच्या वाचकांनीही लॉगबुकात ही तारीख शोधावी. १८ वर्षं संपत आली असतील तर हिश्शाच्या किमतीत ती धरावी.

विद्यार्थी आहात म्हणून आणखी दोन जागा सांगतो. पहिली, फ्लाइंग वायरची टोकं. वायर टोकाच्या फोर्कमध्ये पुरेशी आत गेली आहे का हे बघण्यासाठी फोर्कच्या दांड्याला बारीक छिद्र असतं. त्यात पातळ तार घालून बघायची. ती आरपार गेली तर आटे कमी बसलेत, वायर पुन्हा जोडल्याशिवाय विमान हलवायचं नाही. रिगिंग, म्हणजे वायरींचा ताण, जुळवताना एका बाजूला फिरवत राहिलं की नेमकं हेच होतं.

दुसरी, पंखांचे स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळया. ते स्प्रूस लाकडाचे. विमान जमिनीवर गरकन फिरून पंखाचं टोक टेकलं, तर फॅब्रिकवर फक्त एक ओरखडा दिसतो, पण आत स्पारच्या दाबाच्या बाजूला तंतू चुरडतात. ती खूण धाग्यांना आडवी, केसासारखी बारीक, किंचित फिकट रेघ असते. वार्निशवर सरळ उजेड टाकला तर दिसत नाही. टॉर्च स्पारला जवळजवळ समांतर धरून, नजर तिरकी ठेवून बघावी लागते. अशी रेघ सापडली की तो स्पार बाद. त्याला दुरुस्ती नाही. सांधे तपासताना बोटाच्या पेराने किंवा छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत जायचं. चिकटलेल्या सांध्याचा आवाज भरीव येतो, सुटलेल्याचा पोकळ. जुन्या विमानांत दुधापासून केलेलं केसीन गोंद असतं. ते ओलाव्यात मऊ पडतं आणि त्यावर बुरशी येते, तेव्हा नाकही वापरा. पंखाच्या आत कुबट वास आला तर पाणी जाण्याची छिद्रं बुजलेली आहेत का हे आधी बघा. फॅब्रिक बदलताना डोपने (कापड ताणून घट्ट करणाऱ्या रोगणाने) ती बंद करून टाकणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

जेआरडी टाटांनी १९३२ साली ज्या विमानातून पहिली टपाल आणली त्याच विमानातून १९८२ साली पुन्हा कराचीहून मुंबईला आले, असं घरातले म्हणतात. खरं का? (एक वाचक, दादर)

नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीच्या ड्रिग रोडहून अहमदाबादमार्गे जुहूला आलं ते पस मॉथ, नोंदणी व्हीटी-एडीएन. जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते नेव्हिल विंटसेंट यांनी नेलं. १९८२च्या सुवर्णमहोत्सवी उड्डाणाला वापरलं ते लेपर्ड मॉथ, व्हीटी-एकेएच. पस मॉथचे पंख मुळापासून जवळपास सारख्या रुंदीचे असतात, लेपर्ड मॉथचे टोकाकडे निमुळते होतात. पस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, लेपर्ड मॉथचं धड प्लायवूडचं. लेपर्ड मॉथ १९३३ साली उडालं, म्हणजे पहिल्या टपालानंतर. तेव्हा घरातल्या वादाचा निकाल लागला असं समजा.

फ्लाइंग शिकतोय, सगळी विमानं स्टार्टर मोटरवाली. टायगर मॉथ हाताने प्रॉपेलर फिरवून नेमकं कसं सुरू करतात? हात का तुटतात? (एक वाचक, बारामती)

आधी सांगून ठेवतो: हे वाचून कुणी प्रॉपेलरला हात लावू नये. जाणकाराने शेजारी उभं राहून शिकवायचं काम आहे ते.

टायगर मॉथला ब्रेक नाहीत. मूळ विमानाला मागे चाकही नाही, घसरपट्टी आहे. म्हणून तोंड वाऱ्याकडे, दोन्ही चाकांपुढे चॉक (अडणी), आणि आत बसलेल्याने स्टिक (नियंत्रणाचा दांडा) पोटाशी घट्ट ओढलेली. आत विमान ओळखणारा माणूस हवाच. आत कुणी नसताना इंजिन सुरू केल्यावर चॉकवरून उडी मारून पळालेल्या विमानांची यादी सगळ्या देशांत लांबलचक आहे.

स्विचेस (ठिणगीची वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोंचे) बंद असताना प्रॉपेलर चार पाती हळूच फिरवून बघायचं. टायगर मॉथचं जिप्सी मेजर हे उलटं इंजिन, त्यामुळे रात्रभर तेल झिरपून सिलिंडरांच्या डोक्यांत साचतं. पात अडलं तर जोर लावायचा नाही. तेल दाबलं जात नाही, आणि जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या सिलिंडरचा प्लग काढून तेल गाळायचं आणि मग पुन्हा. अडथळा नसेल तर पेट्रोल चालू, थ्रॉटल बंद, कार्ब्युरेटरची टिकली दाबून पेट्रोल थेंब-थेंब खाली पडू लागेपर्यंत भरायचं. मग चार पाती ओढून मिश्रण आत घ्यायचं. इथपर्यंत स्विचेस बंदच. नंतर "थ्रॉटल सेट", म्हणजे साधारण सेंटीमीटरभर उघडा, आणि "कॉन्टॅक्ट". आतल्याने तेच शब्द परत म्हणून दोन्ही स्विचेस वर करायचे, आणि ऐकू येईल असं म्हटल्याशिवाय बाहेरच्याने हात उचलायचा नाही.

बोटं पात्यावर सपाट ठेवायची, कडेवरून वळवून मागे अडकवायची नाहीत. खाली ओढतानाच अंग पात्यापासून दूर जायला हवं, म्हणजे पाय आधीच मागे जायच्या तयारीत. स्विंग करताना "टक्" असा आवाज यायला हवा. तो इंपल्सचा. हाताने फिरवताना वेग इतका कमी असतो की मॅग्नेटोतून ठिणगी पडत नाही. इंपल्स मॅग्नेटोला क्षणभर अडवून, स्प्रिंग ताणून, सोडतो, त्यामुळे ठिणगी जोरदार पडते आणि जरा उशिरा पडते. उशिरा पडणंच महत्त्वाचं. जुन्या चिकट तेलाने त्याचा खटका अडकला तर एक तर ठिणगी पडतच नाही, नाहीतर भलत्या वेळी पडते आणि इंजिन उलटं झटका देतं. मनगट आणि कोपर जातं ते इथे. टक् नाही आला तर थांबा.

दुसरा धोका "बंद" स्विचचा. मॅग्नेटो बंद करण्याचा अर्थ त्याची तार विमानाच्या धातूला जोडणं (अर्थिंग). ती तार तुटली तर स्विच खाली असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि कुणी नुसतं प्रॉपेलर आडवं करायला गेलं तरी इंजिन सुरू होऊ शकतं. म्हणून दर वेळी इंजिन बंद करण्याआधी मंद गतीवर दोन्ही स्विचेस क्षणभर खाली करून बघायचे. इंजिन चालूच राहिलं तर तार तुटली आहे, आणि ते प्रॉपेलरजवळच्या सगळ्यांना सांगून मगच पेट्रोल बंद करायचं.

जास्त पेट्रोल गेलं तर स्विचेस बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्रॉपेलर उलट्या दिशेने आठ-दहा पाती फिरवायचं. मग थ्रॉटल पुन्हा बंद करून पहिल्यापासून. थ्रॉटल परत बंद करायला विसरणं ही सगळ्यांत महागडी विसराळू चूक. गरम इंजिनाला टिकली दाबायची नाही. सुरू झालं की अर्ध्या मिनिटात तेलाचा दाब यायला हवा, न आल्यास बंद. मग ८०० ते १,००० फेऱ्यांवर निदान चार मिनिटं गरम करायचं.

परदेशातून टायगर मॉथ आणून कोल्हापुरात ठेवायचा विचार आहे. काय अडचणी येतील? (एक वाचक, कोल्हापूर)

भारतात ते अशक्य नाही: हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमधलं एचयू ५१२ ब्रिटनमध्ये नव्याने उभं करून आणलं आणि २०१२च्या हवाई दल दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडालं. पण खासगी माणसाने विमान विकत घेण्याआधी डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) लेखी विचारणा करावी. आयात होणाऱ्या विमानांच्या वयाबद्दल नियम आहेत, आणि ऐंशी वर्षांच्या विमानासाठी परवानगी गृहीत धरता येत नाही. १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे, तेव्हा जुन्या १९३४च्या कायद्याचा हवाला देणारा सल्ला घेऊ नका. परदेशी नोंदणी रद्द झाल्याचा दाखला हातात आल्याशिवाय इथे नोंदणी होत नाही; म्हणजे मधल्या काळात विमान कुठल्याच नोंदवहीत नसतं आणि उडू शकत नाही. ते कंटेनरमधून, पंख उतरवून येतं, हे धरूनच हिशेब करा. पेट्रोलचा प्रश्न पूर्वीइतका बिकट नाही: २०२२पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत १०० एलएल एव्हगॅस (अशा इंजिनांचं विमान-पेट्रोल) बनवते. कोल्हापुरात ड्रमने आणावं लागेल.

खरा शत्रू जून ते सप्टेंबर. प्लास्टिकची ताडपत्री अजिबात टाकू नका, आत घाम धरतो. हवा जाईल असं कापडी आवरण घाला. स्प्रूसमधला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास राहायला हवा, तेव्हा लाकडाचा मॉइश्चर मीटर विकत घ्या आणि दर आठवड्याला त्याच ठरलेल्या जागांवर मोजून वहीत लिहा. आकडा चढत गेला तर हँगरमध्ये पंखे आणि डिह्युमिडिफायर. लाकडी प्रॉपेलर पावसात फुगतं आणि हिवाळ्यात आक्रसतं, तेव्हा मध्याचे बोल्ट दोन्ही ऋतूंच्या तोंडाशी ठरलेल्या टॉर्कला तपासा. सैल राहिले तर लाकूड मध्याशी जळतं. महिनाभर उडणार नसेल तर इंजिन पाच मिनिटं जमिनीवर चालवून "जिवंत ठेवण्याचा" प्रकार करू नका. तेल पुरतं तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी तेलातच राहतं आणि आतून गंज धरतो. त्यापेक्षा संरक्षक तेल भरून, प्लगच्या जागी सिलिका जेलचे डिहायड्रेटर प्लग लावून, प्रॉपेलरवर "फिरवू नये" अशी पाटी अडकवा. जेल निळं असेपर्यंत ठीक, गुलाबी झालं की बदला.

आणि उंदीर. पंखाच्या आत घरटं केलं तर त्यांचं मूत्र गोंद आणि धातूचे जोड दोन्ही खातं. पंखाच्या मुळाशी असलेल्या फटी बारीक जाळीने बंद करा. पाण्याची छिद्रं मात्र उघडीच ठेवा.

एका टाकीत टायगर मॉथ किती लांब जातं? मुंबई-नागपूर एका दमात? (एक वाचक, अमरावती)

नाही. वरच्या पंखाच्या मध्यात बसवलेल्या टाकीत १९ गॅलन, म्हणजे साधारण ८६ लिटर मावतं. तासाला सुमारे ३० लिटर जातं. पाऊण तासाचा राखीव साठा बाजूला काढला की वापरायला दोन तास राहतात, आणि ताशी १३० किलोमीटर धरले तर वारा नसताना २६० किलोमीटर. जुहू ते ओझर सरळ रेषेत १६० किलोमीटर आहे, ते आरामात होतं. जुहू ते नागपूर ६९० आहे. म्हणजे वाटेत दोनदा उतरणं, आणि समोरून वारा असेल तर तीनदा. टाकीवरचा तरंगणारा काटा अडकतो, तेव्हा त्यापेक्षा घड्याळावर भरवसा ठेवा आणि निघण्याआधी डिपस्टिक टाकून स्वतः मोजा.